नावावर

ज्वारी तीन दिवस भिजते, आंबते,
चौथ्या दिवशी घरभर वास.
तीळ, लसूण, मिरची घालून घाटा हाटायचा,
मग ओल्या धोतरावर थापायचा, खाटेवर, उन्हात.
बिबडी वाळली की कडेने स्वतःच सुटायला लागते.
ओढायची नाही. ओढली की फाटते.
हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

नावाचं मात्र लोकेशने शिकवलं.
'काकू, बिबडी डॉट कॉम अकरा वर्षांपूर्वीच घेतलंय कुणीतरी.
पण मुदत संपली, एकोणीस तारखेला.
आता महिनाभर त्याला मुभा, उशिरा भरायची.
पुढचा महिना दंडासकट.
मग पाच दिवस ते कुणाचंच नसतं.
आणि मग ज्याचा हात आधी पोचेल त्याचं.'
सुतकासारखं, मी म्हटलं.
तो म्हणाला, हात कसले, मशिनं असतात,
दिल्लीला, अमेरिकेत, रात्रभर टपलेली.
माझ्या बिबडीसाठी?
'नावासाठी, काकू. बिबडी काय ते त्यांना कुठे माहीत!'

पान उघडलं. एका खाटेचा फोटो,
खाली 'लवकरच',
त्याखाली भुसावळचा नंबर.
अकरा वर्षं लवकरच.

लोकेश म्हणत होता, थांबा नुसतं,
झोपलेल्या माणसाला उठवू नका.
पण पासष्ट दिवस मशिनांच्या भरवशावर बसण्यापेक्षा
माणूस बरा, भाव तरी करता येतो.
फोन करून पत्ता घेतला. सावद्याहून सकाळच्या गाडीने निघाले,
पिशवीत दोन डझन बिबड्या, पर्समध्ये बारा हजार.

सुकलाल फिरके, लोको शेडमधून निवृत्त,
बनियनवर, दार अर्धं उघडून.
'संपलं? कव्हा?'
दरसाल बँक आपोआप कापायची,
यंदा कार्ड बदललं. मेल पोराच्या जुन्या ऑफिसात जातात.
म्हणजे मी आले नसते तर...
हे वाक्य आम्ही दोघांनीही पुरं केलं नाही.

बारा हजार टेबलावर ठेवले. त्यांनी हात लावला नाही.
बिबडी मात्र कच्चीच मोडून तोंडात टाकली.
'तीळ कमी हाये.'
मग बराच वेळ पंख्याचा आवाज.
'घर हिच्या नावावर. वावर भावाच्या नावावर.
फटफटी पोराच्या.
माझ्या नावावर, माय, हे एक नावच हाये.'

काय करणार होतात त्याचं?
'काय करायचं? हाये.'

विम्याच्या डायरीत पासवर्ड होता, दोनदा खोडलेला.
लोकेश फोनवरून सांगत होता, घुश्शात.
ओटीपी त्यांच्या मोबाईलवर आला, त्यांना दिसेना,
मी वाचून दाखवला.
पडद्यावर विचारत होतं, किती वर्षं?
एक, दोन, पाच, दहा.
'दहा टाक,' म्हणाले. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस.
माझं बोट दहापर्यंत गेलं होतं, खोटं नाही सांगत.
'एकेकच भरता येतं, बाबा.'
'बरं,' म्हणाले,
आणि चहा टाकायला आत ओरडले.
पैसे माझ्या मोबाईलवरून गेले,
त्यांनी नऊशे चाळीस मोजून दिले,
चाळीस सुट्टे, दहा-दहाच्या नोटांत.
लोकेशने विचारलं, काकू, दहाचं बटण नव्हतं का?
मी फोन ठेवला.

परतताना तापीचा पूल आला तेव्हा
बारा हजार पुन्हा मोजले. तेवढेच होते.

घरी धोतर वाळलं होतं,
बिबड्या कडेने उचलल्या गेल्या होत्या.
स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागे
मी सिलिंडरच्या तारखा लिहिते.
तिथेच, खाली, बारीक अक्षरात
एकोणीस लिहिलं,
आणि त्याच्यापुढे: नवीन कॅलेंडर आलं
की आधी हे उतरवणे.